उमेदवार देश: नावन

हे मी कुणाला सांगायचं नाही, असं ठरलंय. नुसतं ठरलेलं नाही, रीतसर ठराव झालाय: 'सदर प्रकार मंडळाबाहेर जाऊ नये.' सूचक हेमंतकाका, अनुमोदक बाबा, आणि इतिवृत्त लिहिणारी मी. म्हणजे ठराव माझ्याच अक्षरात आहे!

पण तुम्ही काही आमच्या मंडळाचे नाही. शिवाय चहाचा कप हातात धरून इतक्या आशेने बघताय, की न सांगणं वाईट दिसेल. तर ऐका. माझ्या हातून घडलेला घोटाळा एका वाक्यात सांगायचा, तर मी अकरा दिवस चुकून युरोप झाले होते.

हसू नका. खरंच झाले होते.

आधी माझ्याबद्दल सांगायला हवं. माझं नाव रेवा. मी आठ वर्षांची असताना आम्ही पुण्याहून आयर्लंडला आलो, नावन नावाच्या गावात. मी लाजाळू आहे. किती? कँटीनमध्ये मला चुकीचं सँडविच दिलं, तर मी ते मुकाट्याने खाते. एकदा वर्गातल्या बाईंनी मला तीन महिने रिया म्हटलं, आणि मी तीन महिने रिया होते.

दोन वर्षांपूर्वी मी ट्रान्झिशन इयरला होते. इथे ज्युनिअर सर्टची परीक्षा झाली की एक वर्ष परीक्षेविना मिळतं, त्यात प्रकल्प करायचे असतात. आमच्या मिस ब्रेनननी प्रकल्प दिला: युरोपियन युनियनमध्ये यायला जे देश रांगेत उभे आहेत, त्यांना काय काय सुधारावं लागतं? प्रत्येक गटाने एकेक देश घ्यायचा. आमच्या वाट्याला मोल्दोवा आला. माझी मैत्रीण ईफा पंतप्रधान झाली, कारण तिला बोलायला आवडतं. उरलेल्या दोघी मंत्री झाल्या. माझ्यासाठी काहीच उरलं नाही.

"रेवा, तू युरोपियन कमिशन हो," मिस ब्रेनन म्हणाल्या. "तुला फक्त प्रश्न लिहायचेत. बोलायचं नाही."

बोलायचं नाही! मला दुसरं काय हवं होतं?

तर खरोखरच असं असतं, की एखाद्या देशाने अर्ज केला की कमिशन त्याला एक भलीमोठी प्रश्नावली पाठवतं. तुमच्याकडे निवडणुका कशा होतात? न्यायाधीश कोण नेमतं, आणि नेमण्याआधी त्यांना कुणी तपासतं का? कामं नातेवाइकांना दिली जातात का? मोल्दोवात तर न्यायाधीश तपासण्यासाठी वेगळी समिती बसवली होती. मी दोन आठवडे ही सगळी कागदपत्रं वाचली आणि एकवीस प्रश्न काढले. मिस ब्रेनन पत्रं सगळ्या गटांत अदलाबदल करून वाटणार होत्या, म्हणून पत्रात देशाचं नाव घालायचं नव्हतं. मी नुसतं 'प्रिय उमेदवार' असं लिहिलं. वर बारा ताऱ्यांचं वर्तुळ, कोपऱ्यात संदर्भ क्रमांक, खाली 'दहा कामकाजी दिवसांत पुराव्यांसह उत्तर द्यावे'. अगदी शेवटी सही, मुद्दाम न वाचता येणारी. आणि हे सगळं एका तपकिरी पाकिटात. मन लावून केलं हो! तीच माझी चूक.

बुधवारी संध्याकाळी आईने आवाज दिला, "रेवा, टेबल रिकामं कर! पोळ्या झाल्यात!"

मी टेबलावरचा सगळा पसारा उचलला आणि प्रेसमध्ये कोंबला. प्रेस म्हणजे इथे कपाट. कुठला खण? हाताला लागला तो. आणि हाताला नेमका तो खण लागला, जिथे मंडळाचं टपाल ठेवतात.

मंडळ म्हणजे आमचं इथलं मराठी मंडळ. बाबा त्याचे सचिव, म्हणून मंडळाचा पत्ता म्हणजे आमचंच घर. आणि त्या वर्षी सगळं मंडळ एकाच गोष्टीची वाट बघत होतं: गावातल्या कम्युनिटी हॉलची. गणपती हॉलमध्ये बसवायचा म्हणून अर्ज केला होता. त्याआधी गणपती कुठे बसायचा? हेमंतकाकांच्या गॅरेजमध्ये. डावीकडे गवत कापायचं यंत्र, उजवीकडे सायकली, मध्ये बाप्पा. आरतीला लोक ड्राइव्हवेवर उभे राहायचे, आणि आम्हा मुलांचा नाच गाडी बाहेर काढल्यावर व्हायचा. हॉल मिळणं हा आमच्यासाठी जीवनमरणाचा प्रश्न होता. आता त्या हॉलच्या दाराशी एक पाटी आहे. युरोपच्या मदतीने बांधल्याची. तिच्यावर काय आहे, सांगा बघू? बारा तारे!

जेवण झालं. बाबांनी प्रेस उघडलं. पाकीट फोडलं. वाचता वाचता ते खाली बसले.

"अगं," ते आईला म्हणाले, "हॉलबद्दल थेट युरोपने विचारलंय."

"कुणी?"

"युरोपने! हे बघ, प्रिय उमेदवार. आपण अर्ज केलाय ना? मग उमेदवार आपणच. दहा दिवसांत एकवीस उत्तरं मागितलीयेत."

मी उचललेली ताटं परत टेबलावर ठेवली. "बाबा, ते पत्र..."

"हो गं, बघितलं मी. भयंकर आहे. पण भाषा बघ! एक शब्द इकडचा तिकडे नाही. असं लिहायला शीक जरा."

आता तुम्हीच सांगा! आयुष्यात पहिल्यांदा बाबांनी माझ्या लिखाणाचं कौतुक केलं, आणि ते माझं आहे हे मला सांगता येईना.

"पण बाबा, त्याला स्टॅम्प नाहीये," मी कसंबसं म्हटलं.

बाबांनी पाकीट उलटसुलट करून पाहिलं. त्यांचा चेहरा पडला. "म्हणजे कुणीतरी हातोहात आणून टाकलंय. हे साधं प्रकरण नाही."

तुम्ही म्हणाल, एवढी शिकलेली माणसं, कुणालाच शंका कशी आली नाही? मंडळात निम्मे सॉफ्टवेअरवाले, उरलेले डॉक्टर. पण आमच्या लोकांचं काय झालंय माहीत आहे का? व्हिसा, वर्क परमिट, दरवर्षीचं रजिस्ट्रेशन, हे करून करून त्यांना एक सवय जडली आहे. फॉर्म दिसला की भरायचा. कुणी पाठवला, का पाठवला, हे विचारायचं नाही. विचारलं आणि त्यांना राग आला तर? पत्त्याचा एक पुरावा मागितला की आमची माणसं तीन देतात, वर जन्मदाखला जोडतात. प्रत्येक घरात एक जाडजूड फाइल असते, आणि आग लागली तर आधी फाइल उचलायची की मुलं, यावर आमच्या घरी अजून एकमत नाही.

मी पुन्हा तोंड उघडेपर्यंत बाबांनी पत्राचा फोटो हेमंतकाकांना धाडला होता.

हेमंतकाका म्हणजे मंडळाचे अध्यक्ष. चेरीवूडच्या एका कंपनीत मॅनेजर. मनाने फार चांगले; स्मिताकाकू त्यांची बायको. नऊ वर्षं अध्यक्ष होते. निवडणूक? होते की दरवर्षी, तिळगुळाच्या कार्यक्रमात! काका म्हणतात, "आता कुणीतरी दुसऱ्याने घ्या रे." सगळे फोनमध्ये डोकं घालतात. मागून कुणीतरी म्हणतं, "काका, तुम्हीच राहा." दुसरा म्हणतो, "अनुमोदन!" टाळ्या. मी एकदा घड्याळ लावलं होतं. चाळीस सेकंद.

काकांचा फोन लगेच आला. बाबांनी स्पीकरवर टाकला.

"प्रश्न चार वाचलास का?" काका विचारत होते. "सध्याचे प्रमुख किती काळ पदावर आहेत? अरे, यांना कळलं कसं?"

"आणि सात? नातेवाइकांना कामं..."

"जेवण स्मिताच्या बहिणीकडे असतं, स्पीकर माझ्या मेव्हण्याचे. म्हणजे आतली माहिती बाहेर गेलीय. कुणीतरी फुटलंय आपल्यातलं!"

मी पाण्याचा ग्लास तोंडाला लावला आणि संपला तरी लावूनच ठेवला.

शनिवारी सकाळी गॅरेजमध्ये तातडीची सभा. मी ठरवलं, सभेत उभं राहायचं आणि सांगून टाकायचं. वाक्य पाठ केलं. गेले तर काय! काकांनी भिंतीवर पडदा लावलेला, त्यावर एकवीस प्रश्नांची एक्सेल शीट. प्रत्येक प्रश्नासमोर जबाबदार व्यक्ती आणि लाल, पिवळा, हिरवा रंग. सगळं लाल! माझं पाठ केलेलं वाक्य जागच्या जागी विरून गेलं.

"प्रश्न नऊ," बाबांनी वाचलं. "न्यायदान कोण करतं, त्यांना कोण नेमतं, आणि नेमण्याआधी तपासतं का?"

"आपल्याकडे कसलं आलंय न्यायदान?" कुणीतरी म्हणालं.

"आहे ना," मागून आवाज आला. त्या मृणालमावशी. नावनच्या हॉस्पिटलमध्ये डॉक्टर आहेत, आणि मंडळात शिस्त यावी म्हणून वर्षानुवर्षं धडपडत होत्या. "रांगोळी स्पर्धेचे परीक्षक! पाच वर्षं परीक्षक स्मिताताई, आणि पाच वर्षं पहिलं बक्षीस त्यांच्या बहिणीला."

"अगं, तिची रांगोळी खरंच चांगली असते!" स्मिताकाकू उसळल्या.

"असेल. पण युरोपला कसं पटवणार?"

युरोप मागच्या रांगेत बसून नखं कुरतडत होता.

"प्रश्न पंधरा," बाबा घाईघाईने पुढे गेले. "विरोधी मत मांडण्याचं स्वातंत्र्य आहे का?"

सगळ्यांनी काकांकडे पाहिलं. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फक्त ॲडमिनच लिहू शकत असे, आणि ॲडमिन एकटे काका. काकांनी खिशातून फोन काढला, दोनदा बोट टेकवलं. "घ्या. दिलं स्वातंत्र्य."

तासाभरात ग्रुपवर चौदा सुप्रभात, दोन सोफे विकणे आहे, आणि 'गेल्या वर्षीचा मसालेभात कच्चा होता' हे एक राजकीय मत येऊन पडलं.

प्रश्न अठरा शेजारी राष्ट्रांशी असलेल्या वादाचा होता. शेजारच्या गावातल्या मंडळाने आमचे दोन ढोल नेले होते, ते परत आले नव्हते. 'चर्चेने सोडवू' असं लिहायचं ठरलं.

मग राहिला चौथा प्रश्न. बाबांचा आवाज बारीक झाला. "हेमंत, इथे काय लिहू? थोडं गोलमोल लिहिता येईल."

काकांनी पडद्यावरचा चौथा प्रश्न स्वतः पुन्हा वाचला. मग म्हणाले, "नऊ लिही. खोटं लिहून मिळालेल्या हॉलमध्ये गणपती बसवणार का आपण?" आणि खुर्चीवरून उठून उभे राहिले. "पुढच्या रविवारी निवडणूक. खरी. चिठ्ठ्या टाकून."

मला काका त्या क्षणी फार आवडले. एवढा मोठा निर्णय, आणि तो माझ्या खोट्या सहीवर!

आठवडाभर मंडळ पेटून उठलं होतं. घटना लिहिली गेली. मुलांच्या सुरक्षिततेचे नियम झाले. परीक्षक नेमण्यासाठी समिती, आणि ती समिती तपासायला मृणालमावशी. ढोल परत आले! मृणालमावशींनी काकांच्या विरोधात अर्ज भरला. मतपत्रिका कुठे छापायच्या? आमच्या घरी, कारण प्रिंटर आमच्याकडे. म्हणजे त्याही मीच छापल्या. रोज सकाळी मी सांगायचं ठरवायचे, आणि रोज बाबा म्हणायचे, "बघ रेवा, त्या एका पत्राने माणसं कशी सुधारली." आता अशा वेळी कोण बोलेल?

रविवार उजाडला. गॅरेजमध्ये खुर्च्या, पुढे मतपेटी. मतपेटी म्हणजे तांदळाचा स्टीलचा डबा. पहिली चिठ्ठी पडणार, तेवढ्यात काका म्हणाले, "मतदानाआधी एक मिनिट आपण त्या अज्ञात अधिकाऱ्याचे आभार मानू या."

आणि सगळे उभे राहिले हो!

ते मला सहन झालं नाही. सगळे उभे होते, म्हणून मी खुर्चीवर चढले.

"ते पत्र मी लिहिलंय," मी म्हटलं.

"अगं, खाली उतर," आई म्हणाली.

"मी लिहिलंय! शाळेचा प्रकल्प होता. मोल्दोवासाठी. चुकून प्रेसमध्ये गेलं."

उभे असलेले सगळे एकेक करून खाली बसले.

"म्हणजे..." काकांनी विचारलं, "युरोप?"

"नाही काका. मी."

मग जो गलका उठला! कुणी म्हणे निवडणूक रद्द करा. कुणी म्हणे, 'मी सुट्टी टाकून उत्तरं लिहिली!' बाबा पत्र पुन्हा वाचायला लागले, बहुतेक भाषेसाठी. स्मिताकाकू माझ्याकडे अशा बघत होत्या, जणू मी रांगोळीवरून सायकल नेली होती. मला रडू फुटणार होतं, तेवढ्यात काठी आपटल्याचा आवाज आला.

हेमंतकाकांच्या आई. साताऱ्याकडच्या एका खेड्यातून तीन महिन्यांसाठी मुलाकडे आल्या होत्या. आत्तापर्यंत त्या मंडळात एक शब्द बोलल्या नव्हत्या.

"आरं हेमंता," आजी म्हणाल्या, "कागुद पोरीनं लिवला आसंल. पर तिनं इचारलंय त्यात खोटं काय हाय, ते सांग की! नऊ वरसं तूच बसलायस न्हवं त्या खुर्चीवर?"

"हो आई, पण..."

"मंग? पोरीला उतरव खाली, पडंल ती. आन् कोन चिठ्ठ्या टाकनार हाय का मी जेवाय जाऊ?"

काका खो खो हसले. असे हसले की त्यांना डोळे पुसावे लागले. आणि पहिली चिठ्ठी त्यांनीच टाकली.

मृणालमावशी जिंकल्या. काका हरले, आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा दोन वेळा मसालेभात घेऊन, पाय पसरून जेवले. "आता गणपतीत मीपण निवांत आरतीला उभा राहणार," असं प्रत्येकाला सांगत होते. जेवताना त्यांनीच तो ठराव मांडला, ही गोष्ट बाहेर जाऊ नये म्हणून.

पण हॉल? खरी गंमत तर पुढेच आहे. चार दिवसांनी हॉलचं खरं पत्र आलं. स्टॅम्प लावलेलं! बाबांनी ते आधी माझ्यापुढे धरलं, "हे तुझं नाही ना?" त्यात तीनच प्रश्न होते. तुमची घटना पाठवा. समितीची शेवटची निवडणूक कधी झाली? मुलांच्या सुरक्षिततेचे नियम काय आहेत?

शेवटची निवडणूक कधी झाली? परवाच्या रविवारी झाली साहेब!

बाबांनी त्याच संध्याकाळी एकवीसच्या एकवीस उत्तरं पाठवून दिली, जोडपत्रांसकट. दुसऱ्या दिवशी हॉलच्या बाईंचा फोन आला. "तुमचं सगळं ग्रँड आहे, हॉल तुमचा. फक्त ते दोन ढोलांचं प्रकरण आम्हाला नीट कळलं नाही."

शाळेतही मला शेवटी बोलावं लागलंच. सगळ्या गटांपुढे कमिशनने निष्कर्ष सांगायचा होता. मी एका छोट्या देशाची गोष्ट सांगितली, नाव न घेता. प्रमुख स्वतःच कसा खुर्चीवरून उठला, परीक्षकांना तपासणारी समिती कशी बसली, शेजाऱ्याशी तंटा कसा मिटला. ईफा तोंड उघडं टाकून ऐकत होती. पहिला क्रमांक आम्हाला मिळाला! मिस ब्रेनननी नंतर हळूच विचारलं, "रेवा, हा देश नक्की कुठला?"

"अजून सदस्य झालेला नाही, मिस," मी म्हटलं.

त्या वर्षी बाप्पा हॉलमध्ये बसले. मुलांचा नाच खऱ्याखुऱ्या रंगमंचावर झाला. रांगोळीत पहिलं बक्षीस कुणाला, माहीत आहे? तपासून घेतलेल्या, तटस्थ परीक्षकांनी एकमताने स्मिताकाकूंच्या बहिणीला दिलं. तिची रांगोळी खरंच चांगली असते.

हं, एक राहिलंच. नव्या घटनेत युवा प्रतिनिधी असं एक पद होतं. मृणालमावशींनी विचारलं, "मुलांमधून कोण?" सगळी मुलं बुटांकडे बघू लागली. मागून कुणीतरी म्हणालं, "रेवाच राहू दे." दुसऱ्याने अनुमोदन दिलं. टाळ्या. तेव्हा मी घड्याळ लावलं नव्हतं, पण चाळीस सेकंदसुद्धा लागले नसतील.

एक वर्षाचं पद आहे ते. घटनेत स्पष्ट लिहिलंय, मीच टाइप केलंय. पण मागच्या वर्षी निवडणुकीला कुणी उभंच राहिलं नाही, म्हणून मग मीच राहिले. यंदा तर माझं लीव्हिंग सर्टचं, म्हणजे इथल्या बारावीचं वर्ष. मी गेल्या रविवारी सभेत उभी राहून म्हटलं, "आता कुणीतरी दुसऱ्याने घ्या रे." सगळ्यांनी फोनमध्ये डोकी घातली. हेमंतकाका मागच्या रांगेतून माझ्याकडे बघून असे काही हसले! आणि माझ्या चित्रकला स्पर्धेत यंदा परीक्षक कोण आहे, ते विचारू नका. तिची चित्रं खरंच चांगली असतात, आणि ती माझी आई आहे हा निव्वळ योगायोग आहे.

पण म्हणून काही कुणी असं समजू नये, की मला त्या खुर्चीचा...

"रेवा! अगं, ये लवकर, तुझ्या सहीवाचून सगळं अडलंय!"

आले, आले मृणालमावशी! तर मी काय सांगत होते, मला त्या खुर्चीचा मोह मुळीच नाही, पुढच्या वर्षी मी अगदी ठामपणे सांगणार आहे, की...